जुन्या पीसीवरचे शेअरवेअर आर्केड गेम: आधी वेग जुळवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी ५०० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आहे, त्यावर विंडोज ९८. लहानपणी खेळलेले शेअरवेअर (एक भाग फुकट वाटायचा, बाकी विकत) आणि फ्रीवेअर (पूर्ण फुकट) आर्केड गेम पुन्हा जमवले, पण काही इतके सुसाट पळतात की बोट बटणावर जायच्या आत जीव गेलेला असतो. काही ‘रनटाइम एरर २००’ एवढंच लिहून बंद पडतात. काही नीट चालतात, पण मुके. हे मशीन ठेवावं की सरळ एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरावा, गेम कुठले घ्यावेत, आणि यातलं कायदेशीर किती?

तुमच्याकडचे गेम बहुतेक धडधाकट आहेत. तीच फाइल पुन्हा डाउनलोड करू नका, दुसरी कॉपी शोधत बसू नका. वीसेक वर्षं मी जुने पीसी दुरुस्त करतोय, आणि ‘गेम खराब आहे’ म्हणून समोर आलेल्या बहुतेक तक्रारींत गेम ठीक आणि मशीनचा वेग त्याच्या वयाला न मानवणारा, असंच निघालं. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोघींचं मूळ एकच आहे. तिसरी, आवाजाची, वेगळी आहे. वेगाचं नीट समजून घ्या, कारण कुठला गेम कुठे खेळायचा हे त्यावरच ठरतं.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. त्यातला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि सुरुवातीची काही वर्षं तोच वेग सगळ्यांनी गृहीत धरला. गेम लिहिणाऱ्यानं शत्रूला एक घर पुढे सरकवलं की मध्ये जरा थांबायचं, म्हणून तो रिकामा लूप टाकायचा: पाच हजारांपर्यंत मोज आणि मग पुढे जा. लूपच्या एका फेरीला ८०८८ ला १७ क्लॉक लागतात. पाच हजार फेऱ्या म्हणजे ८५ हजार क्लॉक, म्हणजे साधारण १८ मिलीसेकंद. डोळ्याला आणि बोटाला पुरेल एवढा तो श्वास होता. तीच मोजणी तुमचा पेंटियम थ्री मिलीसेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत उरकतो. शत्रू हलायचं थांबतच नाही, आणि तुम्ही हरता.

सगळेच गेम असे नाहीत. पीसीच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून स्वतंत्र असं एक घड्याळ पहिल्यापासून होतं, ८२५३ ही टायमर चिप. ती सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते, तो आकडा ६५,५३६ नं भागला की सेकंदाला १८.२ ठोके पडतात. प्रोसेसर कितीही बदलले तरी हे ठोके तेवढेच राहिले. ज्यांनी आपला गेम या ठोक्यांना बांधला, त्यांचे गेम आजही बरोबर त्याच वेगात चालतात. कुठला गेम कुठल्या जातीचा हे ओळखायची सोपी खूण सांगतो. डॉसबॉक्स हा जुन्या डॉस मशीनचा फुकट एम्युलेटर. त्यात गेम सुरू करा आणि कंट्रोल धरून एफ १२ काही वेळा दाबा. यानं सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, वाढतात, एफ ११ नं कमी होतात. सायकल्स दुप्पट केल्यावर गेमही दुप्पट पळायला लागला तर तो लूपवर चालतो. काहीच फरक पडला नाही, तर तो ठोक्यांवर चालतो आणि तुमच्या खऱ्या मशीनवरही बिनधास्त खेळता येईल.

आता एरर २००. हा आकडा दिसला की गेम बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय असं समजायला हरकत नाही. या पास्कलमध्ये सीआरटी नावाचं एक युनिट होतं, त्यात ‘इतके मिलीसेकंद थांब’ अशी सोय होती. लिहिणाऱ्यांनी यात शहाणपणा दाखवला होता: वेग गृहीत न धरता प्रोग्राम सुरू होतानाच तो मोजायचा. घड्याळाचा एक ठोका, म्हणजे ५५ मिलीसेकंद, पडेपर्यंत लूपच्या किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि त्या संख्येला ५५ नं भागायचं, की एका मिलीसेकंदाच्या फेऱ्या मिळाल्या. घोळ असा की हा भागाकार १६ बिटांच्या जागेत मावायला हवा, म्हणजे ६५,५३५ च्या आत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशीन आली आणि एका ठोक्यात ३६ लाखांवर फेऱ्या व्हायला लागल्या. भागाकार मावेना. अशा वेळी प्रोसेसर जी हाक देतो ती आणि शून्यानं भागल्यावरची हाक एकच, म्हणून प्रोग्राम ‘शून्यानं भागाकार’ असा समज करून घेतो आणि २०० लिहून बाहेर पडतो. गेमचं पहिलं चित्रही न दिसता तो का मरतो, ते यामुळे. यावर इलाज आहे. टीपीपॅच हा छोटा फुकट प्रोग्राम गेमच्या एक्झी फाइलमधला तेवढाच तुकडा दुरुस्त करतो. मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवून मगच तो चालवा.

लूपवाल्या गेमसाठी खऱ्या मशीनला हळू करायचे दोन मार्ग आहेत. मोस्लोसारखा प्रोग्राम प्रोसेसरचा वेळ खात बसतो आणि गेमला उरलेला वेळ मिळतो. चालतं, पण हालचाल थोडी झटके खात होते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरची आतली कॅशे (त्याची जवळची वेगवान मेमरी) बंद करायची. मशीन एकदम कित्येक वर्षं मागे जातं आणि वेग सगळीकडे सारखा उतरतो, त्यामुळे झटके नाहीत. तरीही ते ४.७७ पर्यंत उतरत नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: १९९० च्या आधीचे गेम डॉसबॉक्समध्ये खेळा आणि १९९३ नंतरचे पेंटियम थ्रीवर. मधल्या दोन-तीन वर्षांतले दोन्हीकडे करून बघा. टर्बोचं बटण असलेलं, ४८६ प्रोसेसरचं, चालू स्थितीतलं मशीन कधी मिळालं तर सोडू नका. ते बटण मशीनला हळू करण्यासाठीच होतं आणि या छंदाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

डॉसबॉक्समध्ये किती सायकल्स ठेवायच्या? ८०८८ च्या काळातल्या गेमला ३०० च्या आसपास. सोळा रंगांच्या, २८६ आणि सुरुवातीच्या ३८६ प्रोसेसरच्या काळातल्या गेमला तीन हजार पुरतात आणि मूळ सेटिंगही तेवढंच आहे. २५६ रंगांचे वेगवान गेम वीस ते तीस हजारांवर खुलतात. हे आकडे ढोबळ आहेत. शेवटी कान आणि डोळे वापरा. संगीत अडखळायला लागलं तर सायकल्स कमी पडताहेत. संगीत ठीक पण पात्र घाईत दिसतंय, तर जास्त झाल्यात.

आवाजाकडे वळू. तुमच्या पेंटियम थ्रीमध्ये बहुधा पीसीआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या स्लॉटचं, साउंड कार्ड असेल. डॉसचे गेम कार्डशी थेट बोलतात, ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या इंटरप्टवर (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती ओळ). पीसीआय कार्ड त्या पत्त्यावर नसतं. त्याचा ड्रायव्हर साउंड ब्लास्टर, म्हणजे त्या काळचं सर्वमान्य साउंड कार्ड, असल्याची बतावणी करतो, आणि शुद्ध डॉसमध्ये तो ड्रायव्हरच चढलेला नसतो. मदरबोर्डवर लांब काळा आयसा (जुन्या पद्धतीचा) स्लॉट असेल तर त्यात साउंड ब्लास्टर १६ किंवा तत्सम आयसा कार्ड बसवा आणि मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ब्लास्टरची ओळ घाला: पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए (मेमरीतून थेट माहिती नेणारी वाट) १. बरेच जुने गेम इंटरप्ट ७ गृहीत धरतात, तर साउंड ब्लास्टर १६ मुळात ५ वर येतं. संगीत वाजतं पण गोळीचा आवाज नाही, किंवा पहिल्या आवाजालाच गेम गोठतो, असं झालं की आधी हाच आकडा तपासा. संगीत आणि आवाज वेगवेगळ्या वाटेनं येतात. संगीत येतं ते ॲडलिबनं १९८७ मध्ये आणलेल्या यामाहाच्या एफएम चिपमधून, तिला इंटरप्ट लागतच नाही. रेकॉर्ड केलेले आवाज मात्र इंटरप्ट आणि डीएमएवरून येतात.

चित्राबद्दल एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात. हे गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे असतात आणि जुन्या मॉनिटरवर ते चारास तीन या प्रमाणात पसरायचे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. चित्रकारानं तशा स्क्रीनवर बघत गोल चेंडू काढलेला असतो. तोच चौरस ठिपक्यांवर बसका दिसतो आणि पात्रं बुटकी. डॉसबॉक्समध्ये ॲस्पेक्ट हे सेटिंग सुरू करा, बस. दुसरं, व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा हा मोड सेकंदाला ७० वेळा चित्र काढतो आणि घरातला सपाट स्क्रीन बहुधा ६० वेळा. बाजूला सरकणाऱ्या गेममध्ये जमीन मध्येच किंचित अडल्यासारखी वाटते ती यामुळे. पिनबॉल आणि धावण्याचे गेम मनापासून खेळायचे असतील तर काचेचा जुना मॉनिटर जपून ठेवा. त्यावर एकदा बघितलं की फरक सांगावा लागत नाही.

हे सरकणं पीसीवर आलं कसं, ती हकीकत इथे सांगायलाच हवी. १९९० मध्ये पीसीवर टीव्ही-गेमसारखं अलगद सरकणारं चित्र नव्हतं. ईजीए या त्याहून जुन्या ग्राफिक्स कार्डावर सोळा रंगांचं एक पूर्ण चित्र म्हणजे ३२,००० बाइट, आणि तेवढं दर वेळी नव्यानं काढायला २८६ ची ताकद पुरत नसे. अमेरिकेतल्या लुइझियानातल्या सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅकनं वेगळी वाट काढली. कार्डाच्या मेमरीत स्क्रीनपेक्षा थोडं मोठं चित्र काढून ठेवायचं आणि ‘इथपासून दाखव’ हा पत्ता बदलत राहायचं. चित्र जागचं हलत नाही, खिडकी हलते. मग १६ बाय १६ च्या चौकोनांपैकी मागच्या वेळेपेक्षा जे वेगळे असतील तेवढेच पुन्हा काढायचे. निळं आभाळ सरकलं तरी निळ्याच्या जागी निळंच येतं, ते काढायची गरज काय? यातून ‘कमांडर कीन’ आला, १४ डिसेंबर १९९० ला. त्याची पातळी आखणाऱ्यांनी सपाट आभाळ आणि मोठ्या मोकळ्या जागा का ठेवल्या, हे कळून खेळलात तर प्रत्येक पडदा वेगळा दिसतो.

कीन शेअरवेअर म्हणून आला आणि त्याचं श्रेय अपोजी या गेम कंपनीच्या स्कॉट मिलरना. त्याआधी शेअरवेअर म्हणजे अख्खा प्रोग्राम वाटायचा आणि आवडला तर पैसे पाठवा अशी विनंती करायची. १९८२-८३ च्या सुमाराला पीसी-टॉक, पीसी-फाइल, पीसी-राइट या प्रोग्रामांनी ती रीत पाडली. कामाच्या प्रोग्रामला लोक पैसे पाठवत. गेमला फारसं कुणी पाठवत नसे, कारण खेळून झालं की विषय संपला. मिलरनी १९८७ मध्ये ‘क्रॉझ’ हा आपला गेम भागांत तोडला: पहिला भाग फुकट, हवा तेवढा वाटा, पुढचे विकत. यामुळे एक फार चांगली गोष्ट घडली. फुकटचा भाग हाच दुकानातला विक्रेता झाला, म्हणून लिहिणाऱ्यांनी आपली सगळी कला पहिल्या भागात ओतली. पहिल्या कीनमध्ये १६ पातळ्या आहेत आणि शेवटही आहे. त्याला अर्धवट गेम म्हणू नका. पूर्ण आवृत्ती शोधायच्या आधी फुकटचा भाग शेवटपर्यंत खेळा. मी आजही नवीन माणसाला हेच सांगतो.

कुठले घ्यावेत, तर लांबलचक यादी देणार नाही. शंभर गेमांचा फोल्डर भरून ठेवणारा एकही नीट खेळत नाही, हे मी पुष्कळदा बघितलंय. पहिला कीन घ्या. त्यात कंट्रोल म्हणजे उडी, ऑल्ट म्हणजे पोगो स्टिक आणि दोन्ही एकदम दाबले की गोळी. आजच्या काही ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकत्र दाबले की अख्खा स्क्रीन आडवा होतो, तर तो शॉर्टकट आधी बंद करून ठेवा.

मग ‘स्कायरोड्स’, १९९३. एस्टोनियाच्या ब्लूमून इंटरॅक्टिव्हचा, आता फ्रीवेअर. अंतराळात तुकड्यातुकड्यांनी टांगलेल्या रस्त्यावरून यान पळवायचं आणि उड्या मारत शेवट गाठायचा. वरवर एवढंच. पण प्रत्येक रस्त्याचं गुरुत्वाकर्षण वेगळं, ऑक्सिजन आणि इंधन मोजकं, त्यामुळे एका रस्त्यावर बसलेली उडीची सवय दुसऱ्यावर घात करते. मला विचाराल तर फुकट मिळणाऱ्या पीसी गेमांत याच्याइतका नेमका आखलेला गेम क्वचितच सापडेल. यातली काही मंडळी पुढे स्काइप घडवण्यात होती.

गोळीबाराचा हवा तर ‘टायरियन’, १९९५. वरून खाली सरकणारं आभाळ, दोन पातळ्यांमध्ये दुकानातून यानाला हत्यारं जोडणं, आणि अलेक्झांडर ब्रँडनचं संगीत. २००४ मध्ये तो फ्रीवेअर झाला आणि नंतर त्याचा कोड ओपनटायरियन या नावानं नव्या मशीनसाठी पुन्हा लिहिला गेला. म्हणजे इथे डॉसबॉक्सचीही गरज नाही. ‘रॅप्टर’ही याच जातीचा आणि सुरेख, पण तो अजून विकला जातो, म्हणून त्याचा शेअरवेअर भागच वाटायला मोकळा.

एपिक या कंपनीचा ‘जॅझ जॅकरॅबिट’, १९९४, तुमच्या पेंटियम थ्रीवर काचेच्या मॉनिटरसकट खेळण्यासारखा. त्याच कंपनीचा ‘एपिक पिनबॉल’ही घ्या, शेअरवेअरमध्ये एकच टेबल आहे आणि तेवढं पुष्कळ होतं. ‘जेटपॅक’ घेतलात तर त्यातला लेव्हल एडिटर नक्की उघडा.

दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं असेल तर फिनलंडकडे वळा. ‘लिएरो’, १९९८: दोन किडे, मातीचं मैदान, एक दोर, आणि खोदत खोदत एकमेकांचा पाठलाग. ‘ट्रिप्लेन टर्मॉइल’, १९९६: पहिल्या महायुद्धाच्या धाटणीची छोटी विमानं, एका कीबोर्डवर चौघांपर्यंत. दोन्ही फ्रीवेअर. स्वस्त कीबोर्ड तीन-चारपेक्षा जास्त बटणं एकदम ओळखत नाहीत, तेव्हा एकाचं विमान वळेनासं झालं तर त्याच्यावर रागावण्याआधी बटणं बदलून बघा. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट यांना बहुतेक कीबोर्डांवर वेगळी वाट असते, गोळी आणि उडी त्यांवर ठेवली की अडचण बरीच कमी होते.

कायद्याचं. शेअरवेअर भाग न बदलता वाटायला परवानगी असते आणि ती सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. ती फाइल काढून टाकू नका. पैसे भरून मिळायची ती पूर्ण आवृत्ती वाटायला परवानगी नाही, आज नाही आणि तेव्हाही नव्हती. फ्रीवेअर म्हणजे फुकट, पण हक्क लेखकाचाच. विकता येत नाही, स्वतःच्या नावावर खपवता येत नाही. काही जुने शेअरवेअर गेम मालकांनीच नंतर पूर्णपणे मोकळे केले: अपोजीचे ‘स्टारगनर’ आणि ‘बायो मेनेस’ २००५ मध्ये, ‘मेजर स्ट्रायकर’ २००६ मध्ये, ‘क्रॉझ’ची मालिका २००९ मध्ये. ‘अबँडनवेअर’ हा शब्द लोकांनी पाडलाय, कायद्यात असा वर्ग नाही. कंपनी बंद पडली तरी हक्क कुणाकडे तरी गेलेला असतो. आणि गेम बंद करताना दिसणाऱ्या जुन्या ऑर्डर फॉर्मच्या पत्त्यावर पैसे पाठवू नका. गेम अजून विकला जात असेल तर आज जिथे विकला जातो तिथूनच घ्या.

शेवटचं, तुमच्याकडे त्या काळच्या फ्लॉपी असतील तर त्या आज ना उद्या वाचणं भाग आहे, चुंबकीय थर थांबत नाही. साडेतीन इंचीची लिहिण्याची खिडकी उघडी करा, सव्वापाच इंचीच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे त्यांवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. चकतीवर पांढुरके डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडते. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये फक्त वाचा. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, त्यानं लिहिलेलं जुन्या रुंद हेडला धड वाचता येत नाही. फाइल एकेक कॉपी करण्याऐवजी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे सेक्टरन् सेक्टरची एकाच फाइलमधली नक्कल, काढा, मग त्या इमेजवर व्हायरस तपासा. बूट सेक्टरचे (फ्लॉपीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये लपणारे) व्हायरस त्या काळी अशा हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीतूनच पसरले. एखादा सेक्टर पहिल्या फेरीत वाचला गेला नाही तर ड्राइव्हचं हेड स्पिरिटनं पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्याला बऱ्याचदा वाचता येतो.